ट्युब्युलिनचे धागे दिसेनात, नुसतं धुरकट हिरवं: माझा अनुभव

रत्नागिरीतल्या आमच्या लॅबमध्ये हेला पेशींना (लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशी) अल्फा-ट्युब्युलिनची, म्हणजे पेशीतल्या सूक्ष्मनलिका ज्याच्या बनतात त्या प्रथिनाला चिकटणारी, डीएम१ए अँटिबॉडी लावली की धागे दिसायचेच नाहीत, पेशीभर नुसतं धुरकट हिरवं. अँटिबॉडी १:२०० ते १:१००० अशी कमी-जास्त विरळ करून पाहिली, नवी कुपीही मागवली. तीन आठवड्यांत जीव मेटाकुटीला आला.

अँटिबॉडी निर्दोष होती. इथल्या उकाड्यामुळे पीबीएस (पेशी धुवायचं खारट द्रावण) फ्रिजमध्ये असायचं, पेशी फिक्स करण्याआधी त्या गार पीबीएसनेच धुतल्या जायच्या, आणि थंडीत सूक्ष्मनलिका काही मिनिटांत विरघळतात.

आता आधी धूतच नाही. पेम बफरमधलं (सूक्ष्मनलिका टिकवणारं द्रावण) ४% पॅराफॉर्मल्डिहाइड, म्हणजे पेशी आहे तशा फिक्स करणारं रसायन, ३७ अंशांवर गरम करायचं, मीडियम काढताक्षणी ओतायचं, १५ मिनिटं. डिश बाकावर ताटकळत ठेवू नका, घोळ तिथेच होतो. मग पीबीएसने तीनदा धुवायचं, पेशीपटलाला भोकं पाडायला ०.२% ट्रायटन १० मिनिटं, अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून ३% बीएसए (एक प्रथिन) अर्धा तास, डीएम१ए १:५०० तासभर. पुन्हा धुऊन दुय्यम अँटिबॉडी, म्हणजे डीएम१एला चिकटून हिरवी चमकणारी.

काल केंद्रकाजवळून पेशीच्या कडेपर्यंत पसरलेले धागे दिसले, माडाच्या झावळीसारखे सुटे सुटे.