जुनी बटणे आणि बंद घड्याळांचे सुटे भाग वापरून दोनपदरी हार कसा करावा

बटणांचा डबा विदर्भातल्या खेड्यांत बहुतेक प्रत्येक घरी सापडतो. सदरा विटला की त्याचे फडके होते आणि फडक्याची चिंधी गोधडीत जाते, पण त्याआधी बटणे काढून पत्र्याच्या डब्यात टाकली जातात आणि तिथे ती वर्षानुवर्षे साठत राहतात. त्याच डब्यात एखादे बंद पडलेले मनगटी घड्याळ किंवा गजराच्या घड्याळाचा सांगाडाही असतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी या दोन्हींतून हार करते आणि आजूबाजूच्या मुलींना शिकवतेही. शिकवताना माझा सगळ्यात अधिक भर मणी-बटणांच्या निवडीवर नसतो, दोऱ्यावर आणि गाठीवर असतो, कारण हार तुटतो तो तिथेच. डोरल्याचे, म्हणजे आमच्याकडच्या मंगळसूत्राचे, मणी सोनाराने घडवले तरी ते गाठून घ्यायला बायका बाजारात बसलेल्या पटवेकऱ्याकडेच जात, आणि माझी आजी दर दिवाळीआधी आपली काळी पोत न चुकता नव्याने गाठून घेई.

हे मला नुकसान सोसूनच उमगले. माझा पहिला हार मी शिलाई मशीनच्या साध्या दोऱ्यात ओवला होता आणि मधोमध घड्याळाचे पितळी चक्र थेट दोऱ्यात अडकवले होते. चुलतबहिणीच्या हळदीत त्या चक्राच्या कडेने दोरा कापला आणि बटणे मांडवभर विखुरली. त्यातली शिंपल्याची दोन बटणे आजीच्या पोलक्याची होती, ती पुन्हा मिळाली नाहीत.

बटणे निवडणे

आपण करणार आहोत त्या 45 सेंटिमीटर लांबीच्या हारासाठी 15 मिलिमीटर व्यासाची, चार भोकांची, एकसारख्या जाडीची 10 बटणे लागतील. त्याशिवाय मागे अडकवण्यासाठी 12 मिलिमीटरचे एक बटण ठेवावे. रंग वेगळे चालतील, पण जाडी वेगळी असली तर हार वाकडा बसतो. दुकानात बटणाचे माप लाइनमध्ये सांगतात. 40 लाइन म्हणजे एक इंच, म्हणून 24 लाइनचे बटण साधारण 15 मिलिमीटरचे असते. डब्यात शिंपल्याची खरी बटणे आहेत का हे ओळखण्यासाठी बटण गालाला लावून पाहावे. शिंपला गार लागतो आणि हाताला जड असतो, तर प्लॅस्टिक लगेच अंगाच्या उबेला येते. सुई तापवून टोचून पाहण्याची पद्धत मी वापरत नाही, कारण तिने बटण बिघडते आणि प्लॅस्टिकचा धूर नाकात जातो.

बटणे साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सुकवावीत आणि मग प्रत्येक भोक तपासावे. त्यासाठी आपल्या भागात कापूस घरचाच असतो. कापसाची बारीक वात वळून ती भोकातून सावकाश ओढावी. वात गुळगुळीत निघाली तर भोक चांगले. तंतू कडेला अडकून मागे राहिले तर तीच कड पुढे दोरा कापणार आहे असे समजावे. अशा भोकात बारीक पॉलिश पेपरची गुंडाळी घालून चारपाच वेळा फिरवावी आणि वात पुन्हा ओढून पाहावी. दहा बटणांची चाळीस भोके तपासायला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास वाचवू नये.

घड्याळ उघडणे

पहिली अट अशी की चालू होण्यासारखे घड्याळ मोडू नये. चावीचे मनगटी घड्याळ, विशेषतः एच.एम.टी.चे, घरात असेल तर ते आधी तालुक्याच्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दाखवावे. या कंपनीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि 2016 मध्ये केंद्र सरकारने तिचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे आहेत ती घड्याळे जपण्यासारखी आहेत. त्याच कारागिराकडे बिघडलेल्या घड्याळांचे सुटे भाग डबीत पडलेले असतात, आणि हारासाठी मी बहुतेक भाग तिथूनच थोड्या पैशांत आणते.

कोणते घड्याळ उपयोगाचे हेही आधीच कळले तर निराशा टळते. भिंतीवरच्या सेलच्या घड्याळात चक्रे बहुधा प्लॅस्टिकची असतात. तिथे फक्त काटे कामाचे. सेलच्या मनगटी घड्याळातही पुष्कळ चक्रे प्लॅस्टिकचीच निघतात. खरे पितळी चक्र मिळते ते चावीच्या घड्याळात, आणि हाराच्या मधोमध लोंबणाऱ्या लोलकासाठी सर्वांत देखणे मिळते ते चावीच्या जुन्या गजराच्या घड्याळात, कारण त्याची चक्रे दोन-तीन सेंटिमीटरची असतात आणि त्यांना बैलगाडीच्या चाकासारखे आरे असतात.

उघडण्यापूर्वी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सेलचे घड्याळ असेल तर मागचे झाकण निघताच बटणसेल काढून झाकणाच्या डबीत बंद करावा आणि तो लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, कारण असा सेल गिळला गेला तर अन्ननलिका आतून भाजते आणि मुलाला त्याच क्षणी दवाखान्यात न्यावे लागते. चावीचे घड्याळ असेल तर त्यातली मुख्य कमान ताणलेली असू शकते. मनगटी घड्याळात ती गोल पिंपात बंद असते. ते पिंप उघडूच नये. गजराच्या घड्याळातली कमान मात्र अनेकदा उघडीच असते, आणि ती सुटली तर बोट फाडते, म्हणून चावी पूर्ण उतरलेली असल्याची खात्री झाल्याखेरीज चौकटीचा एकही स्क्रू सैल करू नये. शंका असेल तर ते काम कारागिराकडूनच करून घ्यावे.

तिसरी गोष्ट अंधारात चमकणाऱ्या आकड्यांची. आपल्याकडे रात्री चमकणाऱ्या कोणत्याही पट्टीला रेडियम म्हणतात, आणि त्या पट्टीत रेडियम नसते. परंतु 1960च्या सुमाराच्या किंवा त्याआधीच्या घड्याळांच्या आकड्यांवर आणि काट्यांवर खरेखुरे रेडियम मिसळलेला रंग असू शकतो. त्याची चमक आज गेली असली तरी किरणोत्सार गेलेला नसतो, कारण रेडियमचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे 1600 वर्षे लागतात. आकड्यांवर पिवळट-तपकिरी, भुरभुरा रंग असलेले फार जुने घड्याळ उघडू नये, खरवडू नये आणि दागिन्यात मुळीच वापरू नये.

मनगटी घड्याळाचे दाबून बसवलेले झाकण कडेच्या छोट्या खाचेत बोथट पाते घालून उचलता येते. आट्यांचे झाकण असेल तर ते कारागिराकडून सैल करून घ्यावे. काम परातीत जुना टॉवेल पसरून त्यावर करावे, म्हणजे घरंगळलेला स्क्रू सापडतो. आतल्या यंत्रात लहान गुलाबी खडे दिसतील. डायलवर 17 ज्वेल्स लिहिलेले असते ते याच खड्यांमुळे. ते कृत्रिम माणिक आहेत, विकून काही मिळत नाही, पण पितळी पट्टीसकट ते लोलकात शोभतात. केसाहून बारीक असलेली गुंडाळीची कमान बाजूला ठेवावी, ती घामाने गंजते आणि कपड्यात अडकते. बाकीचे भाग स्पिरिटने पुसून तेल काढावे, आणि त्वचेला लागणाऱ्या बाजूवर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन पातळ थर द्यावेत. त्याने पितळ हिरवे पडणे लांबते आणि ज्यांना निकेलची खाज येते त्यांनाही त्रास कमी होतो.

दोरा

तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, सहज मिळतो म्हणून अनेकजणी तोच घेतात. त्यात ओवणे सोपे, पण गाठ घसरते आणि उन्हाने तो कडक होऊन तडकतो. इलॅस्टिकही घेऊ नये. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो, आणि असे दोन उन्हाळे पाहिलेले इलॅस्टिक ओढले की परत येत नाही. चपला शिवणारे वापरतात तसा मेण लावलेला, पण बारीक, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पॉलिएस्टर दोरा मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मेण नसेल तर मधमाशीच्या मेणाच्या तुकड्यावरून दोरा दोनदा ओढून घ्यावा.

मणी 3 मिलिमीटरचे काचेचे घ्यावेत. हारात सुमारे 265 लागतात. ओवताना काही सांडतात आणि काहींची भोके बुजलेली निघतात, म्हणून 300 जवळ असू द्यावेत.

ओवणी

दोन मीटर दोरा कापून मधोमध दुमडावा. दुमडीपाशी फाशी ठेवून दोन्ही पदर एकत्र घेऊन गाठ मारावी. फाशी चपटी धरली असता तिची लांबी मागच्या बटणाचा व्यास आणि जाडी यांच्या बेरजेइतकी भरावी, म्हणजे 12 मिलिमीटर व्यासाच्या आणि 3 मिलिमीटर जाडीच्या बटणासाठी 15 मिलिमीटर. याहून सैल फाशीतून बटण आपोआप निसटते. दोऱ्याची दोन्ही टोके नेलपॉलिशमध्ये बुडवून सुकवली की ती ताठ होतात आणि सुई लागत नाही.

आता प्रत्येक पदरात 44 मणी ओवावेत. दोन्ही पदर समांतर ठेवून पहिल्या बटणाच्या डावीकडच्या दोन भोकांतून, वरचा पदर वरच्या आणि खालचा खालच्या, मागून पुढे काढावेत आणि उजवीकडच्या दोन भोकांतून पुढून मागे न्यावेत. बटणाच्या दर्शनी बाजूला दोऱ्याचे दोन आडवे टाके दिसतील. मग प्रत्येक पदरात पाच मणी घालून पुढचे बटण त्याच रीतीने ओवावे. पाच मण्यांचा हिशेब असा: 15 मिलिमीटरच्या बटणात भोकाभोकांतले अंतर साधारण 3 मिलिमीटर असते, त्यामुळे दोन बटणे एकमेकांना टेकली तर एका बटणाच्या भोकापासून पुढच्याच्या भोकापर्यंत 12 मिलिमीटर म्हणजे चार मणी मावतात, पाचवा मणी दोन बटणांत मोकळी फट ठेवतो आणि हार गळ्याच्या वळणाबरोबर वळतो. मणी बटणांच्या मागे राहत असल्याने त्वचेला बटणाची कड लागत नाही. तुमच्या बटणांचे माप वेगळे असेल तर हाच हिशेब पट्टीने मोजून नव्याने करावा.

पाचव्या आणि सहाव्या बटणाच्या मधली जागा हाराचा मध्य होय. इथे वरच्या पदरात पाच मणी घालावेत, आणि खालच्या पदरात दोन मणी, लोलकाची कडी, पुन्हा दोन मणी असा क्रम ठेवावा. चक्र कधीही दोऱ्यात थेट ओवू नये. किल्लीच्या छल्ल्यासारखी दुहेरी वेढ्याची लहान कडी घेऊन ती चक्राच्या दोन आऱ्यांमधून फिरवावी आणि दोरा फक्त कडीतून न्यावा. एकेरी कडीच्या सांध्यातून दोरा हळूच बाहेर सरकतो. लोलक 10 ग्रॅमपेक्षा जड नसावा, नाहीतर खालचा पदर लोंबतो.

दहावे बटण झाल्यावर दोन्ही पदरांत पुन्हा 44 मणी ओवून शेवटी मागचे बटण घ्यावे. प्रत्येक पदर त्याच्या एका भोकातून वर आणून तिरप्या भोकातून खाली न्यावा. गाठ मारण्यापूर्वी हार वाटीभोवती गोल ठेवून पाहावा आणि नखाच्या जाडीइतकी ढील सोडावी, कारण घट्ट ताणून गाठलेल्या हारात मणी एकमेकांवर घासून दोऱ्याला खातात. मग बटणामागे निरगाठ मारावी. तिच्या पहिल्या वेढ्यात दोरा एकदाऐवजी दोनदा फिरवला की दुसरा वेढा टाकेपर्यंत ती सैल पडत नाही. उरलेली टोके लगेच कापू नयेत. ती मागे वळवून पाचसहा मण्यांतून परत ओवावीत, मगच कापावीत आणि गाठीवर नेलपॉलिशचा एक थेंब सोडावा.

चक्रे चिकटवणे

मधल्या दोन बटणांवर मनगटी घड्याळाची बारीक चक्रे चिकटवायची असतील तर ती ओवणी झाल्यावर, भोके आणि दोरा टाळून चिकटवावीत. बटणाची जागा पॉलिश पेपरने थोडी खरखरीत करून स्पिरिटने पुसावी. गरम बंदुकीचा गोंद आपल्या उन्हाळ्यात मऊ पडतो आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाची पांढरी भुकटी डायलवर व चकचकीत भागांवर बसते. दोन नळ्यांचा सावकाश सुकणारा इपॉक्सी समप्रमाणात मिसळून काडीच्या टोकाने लावावा आणि 24 तास हलवू नये.

हार गळ्यात घालण्यापूर्वी त्याची फाशी खुंटीला अडकवून दुसऱ्या टोकाला अर्धा किलो मिठाची पुडी मिनिटभर टांगावी. गाठ सरकली तर ती आत्ताच सरकेल. पहिला प्रयत्न हारावरच करावा असे नाही. लहान मुलांच्या पोळ्याला, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, सजवतात त्या लाकडी बैलासाठी सहा बटणांची माळ याच रीतीने आधी करून पाहिली तर हात बसतो, आणि पोरेही खूश होतात. फक्त तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती ती देऊ नये.

वापरलेला हार सुती फडक्याने पुसून ठेवावा, त्यावर अत्तर किंवा पावडर मारू नये. वर्षातून एकदा मागच्या बटणाजवळचा आणि लोलकाच्या कडीखालचा दोरा उजेडात धरून पाहावा. तो केसाळ दिसू लागला असेल तर हार परातीत उसवून, तेच मणी आणि तीच बटणे नव्या दोऱ्यात पुन्हा गाठावीत.