ओम्नी खालून वाजतेय? सस्पेन्शन आणि स्टेअरिंग कसं तपासायचं, घरी काय करायचं आणि काय नाही

ओम्नी बनवणं मारुतीने २०१९ मध्ये बंद केलं, तरी आपल्याकडे तालुक्याच्या स्टँडवर, शाळेच्या गेटवर, भाजी मार्केटला ती अजून भरपूर दिसते आणि बऱ्याचशा गाड्या वळणाच्या अलीकडूनच ऐकू येतात. मालकाला विचारलं की म्हणतो जुनी गाडी आहे, वाजणारच. मला हे अजिबात पटत नाही. ओम्नीचं खालचं काम एकदम साधं आहे, पुढे दोन स्ट्रट म्हणजे आपले शॉकअप, लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा, रॅकवालं स्टेअरिंग म्हणजे दातेरी दांडा डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवतो ते, आणि मागे सरळ अ‍ॅक्सलला पाटे म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग, पॉवर स्टेअरिंगची भानगडच नाही. आवाज नेमका कुठनं येतोय ते आधी शोधलं तर बऱ्याचदा एखाद-दुसऱ्या पार्टात काम होतं, आणि न शोधता गाडी सोडून दिली तर शॉकअप बदलतात, आर्म बदलतात, रॅकपण बदलतात आणि आवाज तिथेच राहतो. शिवाय या गाडीत ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकावरच बसलेला असतो, त्यामुळे पुढचं काम ढिलं ठेवून माणसं, त्यातही शाळेची पोरं वाहणं मला तरी मान्य नाही.

जॅक लावायच्या आधी टायर बघा, फुकटात सगळ्यात जास्त माहिती तिथेच मिळते. दोन्ही कडा घासल्यात आणि मध्ये नक्षी आहे म्हणजे हवा कमी ठेवता, मध्येच घासलाय म्हणजे जास्त. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी गेलीय किंवा काहीतरी वाकलंय. टायरवरून हात फिरवा, एका दिशेने मऊ आणि उलट फिरवल्यावर करवतीसारखं लागलं तर टो म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन बिघडलाय. ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखं घासलं असेल तर शॉकअपवर संशय घ्या, नाहीतर बॅलन्सिंगवर. मग गाडीचा एकेक कोपरा जोरात दाबून सोडा, एकदा वर येऊन थांबली तर ठीक, झुलत राहिली तर तो शॉकअप संपला, शॉकअपच्या बॉडीवर तेल ओघळलेलं दिसलं तर प्रश्नच नाही. शॉकअप जोडीनेच बदला, एक नवा एक जुना ठेवला की ब्रेक मारल्यावर आणि वळणावर गाडी दोन बाजूंना वेगवेगळी वागते.

आता जॅक. ओम्नी मागच्या चाकांवर चालते आणि हँडब्रेकपण मागच्याच चाकांना, म्हणजे पुढची बाजू उचलली तर गिअर आणि हँडब्रेक दोन्ही कामाचे, पण मागची उचलली की दोन्हींचा भरवसा नाही, एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअर) गिअरसुद्धा धरत नाही. म्हणून मागचं काम करताना पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचेच. आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही, घोडी म्हणजे लोखंडी स्टँड लावा. विटा रचून ठेवतात काही जण, वीट कधी फुटेल सांगता येत नाही.

पुढचं चाक हवेत असताना घड्याळात १२ आणि ६ असतात तिथे वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि परत हलवा, खेळ गायब झाला म्हणजे व्हील बेअरिंग, तसाच राहिला म्हणजे बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाकाची बाजू जोडणारा गोळ्याचा सांधा) किंवा स्ट्रटच्या बाजूचं काही. बॉल जॉइंटची खात्री करायला टॉमी म्हणजे लोखंडी पहार घेऊन लोअर आर्म हळू खाली-वर ढकला आणि जॉइंटकडे बघा. हा पार्ट 'चालतंय तोवर चालवू' म्हणायचा नाही, तो निसटला तर चाक आडवं होतं, चालत्या गाडीत. बाकी सगळं पुढच्या महिन्यावर ढकला, हे नको. मग ९ आणि ३ ला, म्हणजे आडवं धरून हलवा, इथे खेळ असेल तर रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या टाय रॉडचा बाहेरचा सांधा म्हणजे टाय रॉड एंड किंवा आतला सांधा म्हणजे रॅक एंड, एकाने चाक हलवायचं आणि दुसऱ्याने टाय रॉडच्या जॉइंटवर बोटं ठेवायची, टक टक बोटाला लागते. रॅकचे रबरी बूट म्हणजे आवरणंपण बघा, फाटला असेल तर पावसाळ्यात चिखलपाणी सरळ आत जातं, कोकणात तर विचारूच नका. बूट स्वस्त आहे, रॅक नाही. गाडी जमिनीवर असताना स्टेअरिंग हलकं डावी-उजवीकडे फिरवा, चाक हलायच्या आधी स्टेअरिंगची कड तीनेक सेंटिमीटरच्या वर फिरत असेल तर कुठेतरी झीज आहे, आणि त्यात फक्त रॅकच नाही, स्टेअरिंगपासून रॅकपर्यंत येणाऱ्या वरच्या रॉडचा जॉइंटपण येतो, तो बघायचा राहून जातो.

टाय रॉड एंड घरी बदलता येतो. चाक काढायच्या आधीच चेकनट म्हणजे एंड जागेवर धरणारा नट थोडा ढिला करून ठेवा, जॉइंटच्या नटातली स्प्लिट पिन (नट सुटू न देणारी दुमडलेली तार) काढा, नट काढून टाका असं नाही, दोन-तीन आटे राहू द्या म्हणजे जॉइंट सुटला की खाली आदळत नाही. मग नकलच्या म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी पार्टच्या ज्या डोळ्यात तो बसलाय त्याच्या बाजूवर हातोडीने ठोका, बोल्टच्या टोकावर नाही. जुना एंड फिरवून काढताना किती फेरे झाले ते मोजा आणि नवा तेवढेच फेरे बसवा, म्हणजे अलाइनमेंटपर्यंत गाडी नीट जाईल. पिनचं भोक जुळत नसेल तर नट अजून थोडा आवळायचा, ढिला करायचा नाही, आणि स्प्लिट पिन नेहमी नवी.

स्ट्रटची स्प्रिंग मात्र घरी उघडू नका. ती दाबलेली असते, दाबयंत्राशिवाय वरचा मधला नट सोडला की सुटून तोंडावर येते. ते काम गॅरेजचं.

मागे पाट्यांकडे बहुतेक लोक तेल मारण्यापलीकडे बघत नाहीत, आणि ते तेलच नको. डिझेल नाहीतर जुनं इंजिन ऑइल मारलं की करकर चार दिवस थांबते पण शॅकलचे म्हणजे पाट्याच्या टोकाच्या कडीचे रबर बुश फुगून खराब होतात आणि धूळ चिकटते ती वेगळी. त्यापेक्षा पाटे धुवा, तडा गेलाय का प्रत्येक पानावर बघा, पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट ढिले आहेत का बघा. गाडी सरळ जाताना मागून बघितल्यावर तिरकी चाललेली दिसली तर पाट्यांच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकलाय का ते तपासा. बुश बदलले तर बोल्ट हलके लावून गाडी जमिनीवर उतरवा आणि वजन आल्यावरच फायनल आवळा, हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. माल वाहायला एक पाटा जास्तीचा टाकायची पद्धत आहे, रोज लोड असेल तर समजू शकतो, पण रिकाम्या गाडीत मागचं चाक खड्ड्यावर उडतं, ओल्या रस्त्यावर ते धोक्याचं आहे.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. झिजलेला एंड तसाच ठेवून मशीनवर लावली तर आकडे बरोबर येतील आणि पहिल्याच खड्ड्यात परत बदलतील. आणि यू-बोल्ट नवे टाकले असतील तर पाचेकशे किलोमीटर झाल्यावर परत पाना लावून बघा, बसताना थोडे ढिले होतात.