जुन्या लॅपटॉपवर युनिक्स टाकताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

आधी एक गैरसमज. "युनिक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टम) विकत कुठे मिळतं?" असं बरेच जण विचारतात. दुकानात जाऊन सर्टिफाइड युनिक्स घ्यायचं असेल तर सरळ ॲपलचा मॅक घ्या, २००७ च्या लेपर्डपासून मॅकच्या सिस्टमला ओपन ग्रुपचं (युनिक्स हे नाव ज्यांच्याकडे आहे त्या संस्थेचं) युनिक्स सर्टिफिकेट मिळत आलंय. पण आपल्याला हवं असतं ते म्हणजे आपल्या साध्या पीसीवर चालणारं, आणि त्यासाठी फ्रीबीएसडी आहे, बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समधून १९९३ साली निघालेलं. नावावर युनिक्सचा शिक्का नाही पण रक्त तेच, आणि ते फुकट आहे, त्यामुळे कोणी पेन ड्राइव्हमध्ये भरून विकत असेल तर पैसे वाचवा. पैसे जातात ते हार्डवेअरमध्ये आणि पहिली चूक तिथेच होते.

मी लॅमिंग्टन रोडला एका दुकानातून सेकंडहँड लॅपटॉप उचलला, रॅम बघितली, बॅटरी बघितली, कीबोर्डची बटणं दाबून बघितली, घासाघीस करून भाव पाडला आणि घरी येऊन कळलं की आतली वायफाय चिप फ्रीबीएसडीला ओळखताच येत नाही. दुकानदाराचा काय दोष, विंडोजमध्ये नीट चालत होतं. तेव्हा आधी लगीन वायफायचं. घरून पेन ड्राइव्ह तयार करून न्या, लॅपटॉप त्याच्यावरून बूट करा, इन्स्टॉल न करता शेल (कमांड टाइप करायचा स्क्रीन) उघडा आणि पीसीआयकॉन्फ कमांड मायनस एल व्ही लावून (pciconf -lv) चालवा, प्रत्येक चिपचं नाव येतं. आता इथे गंमत अशी की आयएफकॉन्फिग या नेटवर्क दाखवणाऱ्या कमांडमध्ये वायफाय कार्ड दिसतच नाही, लोक घाबरतात, पण ते तसंच असतं, त्यासाठी सिसकंट्रोल कमांडने नेट डॉट वलॅन डॉट डिव्हायसेस (sysctl net.wlan.devices) बघायचं. तिथे नाव आलं तर बोला भावाचं, नाही आलं तर चिपचं नाव लिहून घ्या आणि फ्रीबीएसडीच्या त्या व्हर्जनच्या हार्डवेअर नोट्समध्ये शोधा. इंटेलची चिप असली की डोक्याला ताप कमी, त्यातही फ्रीबीएसडी १४.३ पासून इंटेलच्या नव्या ड्रायव्हरला ११ एन आणि एसी या वेगवान वायफायचा स्पीड मिळायला लागला, त्याआधी रडतखडत चालायचं.

वायफाय न चालणारा लॅपटॉप घेऊन बसलाच असाल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, युआरएनडीआयएसचा मोड्यूल (if_urndis, फोनचं नेट ओळखणारा ड्रायव्हर) लोड करा, यूई० (ue0) नावाचं नेटवर्क येतं, त्याच्यावर डीएचक्लायंट (dhclient) चालवलं की नेट सुरू. मी पहिले चार दिवस असेच काढले.

डाउनलोड करताना एएमडी६४ बघून "माझा तर इंटेल आहे" म्हणून दुसरंच काहीतरी उतरवू नका. ६४ बिटच्या इंटेललाही तेच लागतं, नाव फक्त एएमडीचं कारण ते डिझाइन आधी त्यांनी आणलं. आणि पेन ड्राइव्हसाठी मेमस्टिकवाली फाइल घ्या.

विंडोजसोबत ठेवणार असाल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करावं लागतं, पण ते बंद करायच्या आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी विंडोज उघडताना ती मागते आणि मग तेलही गेलं तूपही गेलं. दुसरं म्हणजे घड्याळ. मशीनचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर आहे असं फ्रीबीएसडीने धरलं की वेळ बरोबर साडेपाच तासांनी पुढे पळते. कारण विंडोज त्या घड्याळात आपलं लोकल टाइम ठेवतं. तसं झालं असेल तर ईटीसी फोल्डरमध्ये वॉल सीमॉस क्लॉक (/etc/wall_cmos_clock) नावाची रिकामी फाइल बनवा, शब्दांमध्ये अंडरस्कोअर, आणि रीबूट करा.

इन्स्टॉल झाल्यावर काळा स्क्रीन आणि लॉगिन दिसतं. बिघडलेलं काही नाही, डेस्कटॉप आपणच टाकायचा असतो. झॉर्ग (Xorg, ज्याच्यावर डेस्कटॉपच्या खिडक्या चालतात) टाका, ग्राफिक्ससाठी डीआरएम-केमॉड टाका, स्वतःला व्हिडिओ ग्रुपमध्ये घाला. ग्राफिक्सचा मोड्यूल लोडर डॉट कॉन्फ या फाइलमध्ये लिहायचा नाही, आरसी डॉट कॉन्फ (rc.conf, सिस्टमच्या मुख्य सेटिंगची फाइल) हिच्या केएलडी लिस्टमध्ये (kld_list) लिहायचा, नाहीतर बूट होताना मशीन लटकू शकतं. युजर बनवताना व्हील ग्रुप विसरलात तर एसयू कमांड (जिने ॲडमिन होता येतं) तुम्हाला आत घेणार नाही, आणि त्याच कामाचा सुडो तर आधीपासून नसतोच, वेगळा टाकावा लागतो.

आता माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक. आरसी डॉट कॉन्फमध्ये हाताने एक ओळ लिहिली आणि शेवटचं अवतरण चिन्ह विसरलो. बस, एवढंच. रीबूट केलं तर मशीन अर्ध्यात थांबलं आणि शेलचा पूर्ण पाथ विचारायला लागलं. मला वाटलं डिस्क गेली. तिथे फक्त एंटर मारायचा असतो हे समजायला वेळ गेला, मग फाइल उघडली, चिन्ह टाकलं, सेव्ह होईना, अर्धा तास कीबोर्डला शिव्या घातल्या. कारण साधं होतं, अशा वेळी रूट, म्हणजे मुख्य फाइल सिस्टम, रीड-ओन्ली असतं. माउंट मायनस यू आणि स्लॅश (mount -u /) असं टाइप करून ते लिहिण्याजोगं करायचं, डिस्कवर झेडएफएस (ZFS नावाची फाइल सिस्टम) असेल तर पुढे झेडएफएस माउंट मायनस ए (zfs mount -a), मग एडिटर उघडायचा. तेव्हापासून ती फाइल मी हाताने उघडत नाही, सिसआरसी (sysrc) कमांड वापरतो, अवतरण चिन्हं तीच सांभाळते.

आवाज येत नसेल तर बहुतेक वेळा तो एचडीएमआयकडे गेलेला असतो. सिसकंट्रोलमध्ये एचडब्ल्यू डॉट एसएनडी डॉट डिफॉल्ट युनिटचा (hw.snd.default_unit) आकडा बदलून बघा. झेडएफएस बरीचशी रॅम कॅशला घेतं ते बघूनही घाबरू नका, दुसऱ्या प्रोग्रामला लागली की सोडतं.

मोठ्या अपग्रेडला मात्र घाई नको. फ्रीबीएसडी-अपडेट कमांडमध्ये इन्स्टॉल एकदा मारून भागत नाही, रीबूटनंतर पुन्हा मारायचं, मग सगळी पॅकेजेस नव्याने टाकायची, मग ते सांगत असेल तर तिसऱ्यांदा. मी पहिल्यावर थांबलो आणि फायरफॉक्स उघडेना. आता झेडएफएसवर आधी बीईसीटीएल (bectl) कमांडने एक बूट एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे चालू सिस्टमची प्रत, बनवून ठेवतो, बोंबललं तर बूट मेनूतून जुनं निवडायचं. मराठीसाठी नोटोचे देवनागरी फॉन्ट, टायपिंगला आयबस (ibus, भाषेचं टायपिंग सांभाळणारा प्रोग्राम) आणि त्याचं एम१७एन. हे सगळं त्याच लॅपटॉपवर टाइप केलंय, बाजूला रियलटेक चिपचा यूएसबी वायफाय डोंगल अजून लटकतोय.