नवी रिम, जुने स्पोक: काय ठेवायचं, काय टाकायचं

सायकलची रिम गेली म्हणून चाक उघडताय, की स्पोक तुटतायत म्हणून? जुने स्पोक परत वापरू का, असं कोणी विचारलं की मी आधी हाच प्रश्न करतो. स्पोकच्या वयाला फारशी किंमत नाही. ब्रेकने रिमची भिंत झिजवली किंवा आपटून पोचा आला, पण स्पोक एकही तुटला नाही, तर तेच स्पोक नव्या रिमवर खुशाल चढवा. पण आज एक, पंधरा दिवसांनी दुसरा असे तुटत असतील, तर उरलेल्यांचाही नंबर लागलेलाच आहे. सगळे बदला. एकेक बदलत बसणाऱ्याचं चाक कायम दुरुस्तीलाच.

कारण स्पोक सहसा ओढला जाऊन तुटत नाही. चाकाच्या प्रत्येक फेरीत जमिनीकडे आलेल्या स्पोकचा ताण क्षणभर उतरतो, मग पुन्हा चढतो. तार मागे-पुढे वाकवत राहिलं की जसा तुकडा पडतो, तसंच हे, फक्त फार सावकाश. चीर जाते ती बहुधा हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, भोकातल्या वळणाशी, ज्याला मी मान म्हणतो, नाहीतर आटे सुरू होतात तिथे. ढिल्या चाकात ताण पार शून्यावर उतरतो, म्हणून स्पोक ढिल्या चाकातच जास्त तुटतात. लोक नेमकं उलटं समजतात.

उघडताना सगळे निपल, म्हणजे रिमजवळ स्पोकच्या आट्यांवर चढवलेले छोटे नट, आधी अर्धा-अर्धा फेरा सोडत दोन-तीन वेळा फिरा. ताणलेला स्पोक कटरने तोडू नका. तुकडा उडतो आणि हबलाही धक्का बसतो. मग प्रत्येक स्पोक पुसून बघा. मानेला भिंग लावा. नवं निपल बोटाने शेवटपर्यंत जातंय का पाहा. अडकलं तर आटे गेले. मागच्या चाकात उजवीकडच्या स्पोकवर चेन आत पडल्याचे चरे असतील तर ते स्पोक काढाच, कारण चीर तिथूनच सुरू होते. तांबूस गंज खोल गेलेलेही बाद. मधोमध हलकासा बाक असेल तर तो हाताने सरळ होतो, त्याची काळजी नको.

हब तोच राहणार असेल तर स्पोक हबमधून काढूच नका. त्यांच्या माना त्या त्या भोकात, त्या त्या दिशेने बसलेल्या असतात. आतल्याचा बाहेर केलात की बसलेलं वळण पुन्हा वाकतं. नवी रिम जुनीला चिकटपट्टीने बांधा, व्हॉल्व्हची भोकं समोरासमोर ठेवा आणि स्पोक एकेक करून पलीकडे न्या. नव्या रिमची भोकं जुनीसारखीच डावी-उजवीकडे सरकलेली आहेत ना, तेवढं आधी पाहा.

पण लांबी जुळणार का, ते आधी मोजा. दोन टाकाऊ स्पोक आट्यांच्या टोकापासून बरोबर 200 मिमीवर कापा. त्यांवर निपल एवढे चढवा की स्पोकचं टोक निपलच्या खाचेच्या तळाला येईल. ते रिमच्या समोरासमोरच्या भोकांत घालून ओढून धरा, मधलं अंतर मोजा आणि त्यात 400 मिळवा. दोन्ही रिमचं हे माप काढा. फरक 2 मिमी असेल तर स्पोकच्या लांबीत साधारण 1 मिमीचा फरक पडतो, आणि तेवढा चालतो. त्याहून आखूड झाला तर निपलचं डोकं आतून पोकळ राहतं आणि तिथेच तुटतं. लांब झाला तर आटे संपतात. पाना फिरवूनही ताण चढत नाही. लांब निपल आणून आखूड स्पोक भागवायची युक्ती चालत नाही.

नवेच घ्यायचे तर स्टेनलेसचे, आणि जमलं तर मध्ये बारीक केलेले, 2.0-1.8-2.0 मिमीचे. मधला भाग जास्त ताणला जातो, त्यामुळे मान आणि आटे वाचतात. मागच्या चाकात डावीकडे ताण मुळातच कमी असतो, तिथे याचा फायदा सगळ्यात जास्त. स्टेनलेस ओळखायला चुंबक लावू नका; ओढून काढलेली स्टेनलेस तारही थोडी चिकटते. लांबी मानेच्या आतल्या कडेपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजायची.

निपलच्या बाबतीत मी वाद घालत नाही: नवीन, आणि पितळेचे. ॲल्युमिनियमचे घेऊन 36 निपलमागे जेमतेम 25 ग्रॅम वाचतात, आणि ओलाव्यात तेच आधी कुजतात. जुन्या निपलच्या कडा थोड्या जरी गोल झाल्या असल्या तरी ऐन ताण देताना पाना सटकतो. पानाही नेमक्या मापाचा हवा, 3.23 आणि 3.45 मिमी ही दोन मापं नेहमी लागतात आणि नुसत्या डोळ्यांना सारखीच दिसतात.

आट्यांना आणि निपल रिमवर टेकतं तिथे तेलाचा थेंब द्या. ताण पूर्ण चढला की शेजारचे समांतर स्पोक जोडीजोडीने मुठीत घट्ट दाबा. त्याने नव्या स्पोकच्या माना नीट बसतात, आणि पिळलेले स्पोक कुरकुरत सुटे होतात. चाक पुन्हा थोडं आऊट होईल, म्हणजे फिरताना डगमगेल. आऊट काढा, परत दाबा, आणि दाबल्यावर चाक हलेनासं झालं की टायर चढवा.