फ्लोराइड आणि दात घडवणाऱ्या पेशी: या चुका टाळा

‘फ्लोराइडने पेशी मेल्या’ असं कुठेही वाचलं की आधी विचारायचं: किती फ्लोराइडने? सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. एनॅमल म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण; ते घडवणाऱ्या अमेलोब्लास्ट पेशींवर प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये बहुधा 1 ते 5 मिलिमोलर सोडियम फ्लोराइड घालतात. 1 मिलिमोलर म्हणजे लिटरमागे 19 मिलिग्रॅम फ्लोराइड. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा 1.5 मिलिग्रॅम आहे आणि रक्तात एरवी जेमतेम काही मायक्रोमोलर (मिलिमोलरचा हजारावा भाग) सापडतं. डिशमधला निकाल उचलून सरळ पाण्याला चिकटवू नका. वजन करतानाही सांभाळा: 42 मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइडमध्ये फ्लोराइड फक्त 19 मिलिग्रॅम असतं.

म्हणून डिशचा निकाल मोडीतही काढू नका. एनॅमल पक्व होताना स्फटिक वाढतात, आम्ल सुटतं आणि पेशीबाहेरचा पीएच 6 च्या खाली जाऊ शकतो. अशा वेळी थोडं फ्लोराइड हायड्रोजनशी जुळून पेशीपटलातून सहज आत शिरतं. आतला पीएच उदासीन, त्यामुळे तिथे ते पुन्हा सुटं होतं आणि अडकून बसतं. म्हणजे तोच डोस आम्लात जास्त बोचतो. प्रयोग फक्त 7.4 पीएचवर केला तर हा भाग दिसतच नाही.

आता माझ्या मते सगळ्यात फसवी चूक. एमटीटी या रंग बदलणाऱ्या पेशी-चाचणीचा रंग फिका पडला की ‘पेशी मेल्या’ असं लिहून मोकळं व्हायचं! ही चाचणी पेशीची चयापचयाची हालचाल मोजते, मरण नाही. फ्लोराइड ग्लायकोलिसिसमधल्या (साखर फोडून ऊर्जा मिळवण्याच्या क्रियेतल्या) इनोलेज विकरालाच अडवतं, त्यामुळे जिवंत पेशीही मंद दिसू शकते. शिवाय ताण आला की पेशी आधी प्रथिनं बनवणं कमी करते. फ्लोरोसिसच्या, म्हणजे जास्त फ्लोराइडने बिघडलेल्या, एनॅमलमध्ये प्रथिनं मागे उरतात, ते सच्छिद्र राहतं. त्यासाठी पेशी मरायलाच हवी असं नाही. मरण दाखवायचं असेल तर अ‍ॅनेक्सिन-व्ही, कॅस्पेज-3 किंवा एलडीएच गळती या पेशीमरणाच्या खुणा जोडीला बघा. आणि फ्लोराइड न दिलेला गट ठेवाच. एनॅमल घडताना बऱ्याच अमेलोब्लास्ट तशाही मरतात, तो त्यांचा ठरलेला क्रम आहे.

आकडे दरवेळी वेगळे येत असतील तर डिश सूक्ष्मदर्शकाखाली धरा. माध्यमातल्या कॅल्शियमशी जुळून फ्लोराइडचा बारीक गाळ बसतो, मग पेशींना मिळालेला डोस बाटलीवरचा राहत नाही. द्रावण प्लॅस्टिकमध्ये ठेवा, काचेत नको. एका डिशमध्ये फ्लोराइडऐवजी तेवढंच मिलिमोलर मीठ घाला, नाहीतर सोडियमचा दोष फ्लोराइडच्या माथी जाईल.

ओडोन्टोब्लास्टना याच तागडीत तोलू नका. डेंटिन (एनॅमलच्या आतला थर) घडवणाऱ्या त्या पेशी दातात आयुष्यभर जिवंत असतात. अमेलोब्लास्ट मात्र दात हिरडीबाहेर आला की उरत नाहीत, म्हणून मोठेपणी दातांचा फ्लोरोसिस नव्याने होत नाही.