रस्त्याकडेची घळ थोपवताना

बालाघाट डोंगररांगेच्या उतारावर घळ बहुधा रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशीच सुरू होते. रस्त्यानं गोळा केलेलं पाणी एकाच ठिकाणी उघड्या मातीवर आदळतं. म्हणून आधी मोरीखाली दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) करा, घळीतले आडवे बंधारे नंतर. पाणी पडतं त्या उंचीच्या निदान दीडपट लांब पिचिंग हवं.

पाण्याचा हिशेब पावसाळ्याआधीच करा: क्षेत्र (हेक्टर) × तासाचा पाऊस (मिमी) × वाहून जाण्याचा गुणांक (पावसातला किती भाग वाहून जातो तो) ÷ ३६०. १२ हेक्टर, ९० मिमी, ०.५ धरले तर सेकंदाला १.५ घनमीटर. बंधाऱ्याचा सांडवा (पाणी पलीकडे जायची खाच) तेवढं पाणी पोटात घेणारा हवा.

खालच्या बंधाऱ्याचा सांडवा वरच्याच्या पायथ्याच्या पातळीत ठेवा. बंधाऱ्याची उंची १ मीटर आणि ५ टक्के उतार असेल तर दोन बंधाऱ्यांतलं अंतर २० मीटर.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून घुसून बंधाऱ्याला बगल देतं, आणि गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेला बंधारा) शाबूत राहून काठ वाहून जातो. ही चूक फार दिसते. बंधारा दोन्ही काठांत निदान अर्धा मीटर, भेगाळ मातीत त्याहून जास्त खोल शिरवा; जाळीमागे जिओटेक्सटाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) लावा. सांडवा मधोमध, कडांपेक्षा खोलगट ठेवा.

काठावर वाळा लावा. मोरीला हात लावण्याआधी रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी घ्या.