गुळाची पेढी, दोन फॉर्म आणि एक कोरी वही

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका गुळाच्या पेढीला मी पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचं, सॉफ्टवेअर करून दिलं, सी शार्प भाषेत आणि विंडोज फॉर्म्समध्ये. यात प्रोग्रामची प्रत्येक खिडकी म्हणजे एक फॉर्म, आणि एका फॉर्ममधली माहिती दुसऱ्यात कशी न्यायची, ती ही गोष्ट. मुख्य फॉर्म पट्टीचा: रवे (गुळाच्या ढेपा), वजन, दर, अडत, हमाली. 'शेतकरी शोधा' दाबलं की छोटा फॉर्म उघडणार, तिथं निवडलेलं नाव पट्टीवर येणार. पहिल्याच दिवशी दिवाणजी म्हणाले, "निवडतोय की, पण पट्टीवर काय दिसंना." एरर नाही, काही नाही.

चूक माझीच. छोट्या फॉर्ममध्ये मी 'न्यू' लावून पट्टीचा फॉर्म तयार केला होता आणि त्याच्या चौकटीत नाव टाकलं होतं. 'न्यू' म्हटलं की दुसराच फॉर्म जन्माला येतो. दिवाणजींसमोरचा उघडा फॉर्म तो नव्हेच. समोर वही उघडी असताना बाजारातून कोरी वही आणायची, तिच्यात नाव लिहायचं आणि कपाटात टाकायची, त्यातली गत. माझ्याकडं शिकायला येणारं प्रत्येक पोर एकदा तरी ही कोरी वही आणतंच.

मुख्य फॉर्मकडून छोट्याकडं माहिती द्यायची तर सोपं आहे, कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे फॉर्म तयार होताना चालणाऱ्या कोडमधून, द्या. दिवाणजींनी गावाचं नाव टाईप केलेलं असेल तर ते सोबत पाठवा, यादी आधीच गाळून येईल.

उलट्या दिशेला छोट्या फॉर्मनं मुख्य फॉर्मला हातच लावायचा नाही. त्यानं 'निवडलेला शेतकरी' अशी प्रॉपर्टी, म्हणजे बाहेरून वाचता येणारा कप्पा, भरून ठेवायची आणि डायलॉगरिझल्टला, म्हणजे फॉर्मच्या उत्तराला, 'ओके' द्यायचं. फॉर्म आपोआप मिटतो. छोटा फॉर्म उघडणाऱ्या शोडायलॉगच्या ओळीवर मुख्य फॉर्म थांबलेलाच असतो. उत्तर 'ओके' आलं तर प्रॉपर्टी वाचायची. फुली मारून बंद केलं तर 'कॅन्सल' येतं. शोडायलॉगनं उघडलेला फॉर्म मिटल्यावर नुसता लपतो, म्हणून प्रॉपर्टी वाचता येते. पण म्हणूनच तो 'यूझिंग'मध्ये, म्हणजे काम संपलं की फॉर्म मोडीत काढणाऱ्या ब्लॉकमध्ये, गुंडाळा, नाहीतर दिवसभराचे लपलेले फॉर्म मेमरीत साठत जातात.

वजनकाट्याची खिडकी मात्र पट्टीशेजारी उघडीच लागते. तिथं शोडायलॉग नाही, शो. कोड लगेच पुढं जातो, म्हणजे थांबून वाचण्याचा प्रश्नच नाही. इथं इव्हेंट लागतो. काट्याच्या खिडकीनं 'वजन आलं' एवढंच ओरडायचं. कोण ऐकतंय हे तिला माहीत नको. मुख्य फॉर्मनं शो करण्याआधी त्या इव्हेंटला अधिक-बरोबर (+=) लावून कान द्यायचा. आधी मी अख्खा पट्टीफॉर्मच तिच्या हातात दिला होता. चाललं, पण जावकच्या, म्हणजे माल बाहेर जाण्याच्या, फॉर्मला तीच खिडकी हवी झाली तेव्हा सगळं उसवावं लागलं. शो करताना कंसात 'धिस', म्हणजे हाच पट्टीफॉर्म, द्या; मग खिडकी पट्टीच्या मागं दडत नाही आणि पट्टी मिनिमाईझ केली की तीही सोबत जाते.

काटा सिरियल पोर्टवर असेल तर आणखी एक. डेटारिसीव्हड, म्हणजे पोर्टवर माहिती आल्याचा इव्हेंट, वेगळ्या थ्रेडवर (खिडकी चालवणाऱ्या कामाशेजारी चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यावर) येतो, तिथून टेक्स्टबॉक्सला हात लावायचा नाही. डीबगरमध्ये चालवताना लगेच एरर येतो. पेढीवर मात्र गपगुमान चालतं आणि ऐन सौद्याच्या गर्दीत अडकतं. इव्हेंट बिगिनइन्व्होकमधून सोडा, ते काम खिडकीच्या थ्रेडकडं सोपवून न थांबता पुढं जातं; तेही काट्याच्या खिडकीच्या आतच, म्हणजे ऐकणाऱ्या प्रत्येक फॉर्मला ती काळजी नको. नुसतं इन्व्होक नको, ते काम होईपर्यंत थांबतं: खिडकी बंद करताना पोर्ट त्या थ्रेडसाठी थांबतो, तो थ्रेड खिडकीसाठी, आणि दिवाणजी दोघांसाठी.